गुरुदासची गाडी थांबली नाही

लेक गौरजा हिचा साखरपुडा येत्या रविवारी वालावलीला, लक्ष्मीनारायणाच्या देवळात ठरला आणि विमलाने सोमवारी सकाळीच नवऱ्याला सांगून टाकले, "त्या गाडयेतसून मी चेडवाक घेवन जावचंय नाय."

"कित्याक? गाडयेक काय झाला?" गुरुदासने चहाचा कप खाली ठेवला.

"एसी खंय चलता तेचो? मे महिन्याचा ऊन ह्या. वालावलीक पोचासर पोरीच्या तोंडावरचा सगळा सामान गळ्यात उतरात. व्याही म्हणतले, फोटोतला चेडू ह्या न्हय."

"आई!" आतून गौरजा ओरडली.

गुरुदास सांगितलेले ऐकणारा माणूस होता. बँकेत होता तोवर साहेबाचे ऐकले, घरी विमलाचे ऐकले, आणि निवृत्त झाल्यावर डॉक्टरांचे ऐकून साखर सोडली. त्याने कप विसळून ठेवला आणि गाडी काढून थेट कट्टा गावात मंगेशच्या गॅरेजवर नेली.

मंगेशने बॉनेट उघडले, आत डोके घातले आणि तिथूनच बोलला, "खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान, काका. ह्यो कंडेन्सर बघा, नुसती चाळण झाली हा. गॅस रवतलो कसो?"

कंडेन्सर बदलला, गॅस भरला. दुपारी गाडीत असा गारवा सुटला की गुरुदासला शर्टाचे वरचे बटण लावावे लागले. तो खूश होऊन निघणार, तेवढ्यात मंगेशने सहज म्हणून पुढचे चाक काढून पाहिले आणि गुरुदासला हाताने जवळ बोलावले.

"काय रे?"

"काका, एसी ऱ्हवांदे. घाम फुटाक ह्या बघा." ब्रेकचे पॅड झिजून उडदाच्या पापडासारखे झाले होते. "नवे कोल्हापुरासून येतले. शनिवारपर्यंत गाडी हयच ठेवा."

"हय ठेवन कसा चलात? घरोघरी आमंत्रणां करूची आसत."

मंगेशने नाइलाजाने मान खाजवली. "मगे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एसी बंद करू नकात आणि काचो खाली करू नकात. गॅस धरता काय गळता, ता तसाच कळात. आणि गाडी हळू हाणा. ब्रेक एकदम मारू नकात. जय थांबूचा आसा, ता घरातसून ठरवनच भायर पडा."

हा सल्ला दुसऱ्या कुठल्या मुलखात चालून गेला असता. कट्ट्याच्या रस्त्यावर मात्र कुठे थांबायचे हे गाडीवाला ठरवत नसतो. रस्त्याच्या कडेला उभी असलेली माणसे ठरवतात.

पहिली भेटली वाडीतली लक्ष्मीकाकी. गुरुदासच्या घराच्या अलीकडच्या वळणावर डोक्यावर पदर घेऊन ती उभी होती. गाडी बघितल्यावर तिने हात केला. गुरुदासचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा गिअरवर होता, त्यामुळे उलट हात करायला त्याच्याजवळ हात उरला नव्हता. त्याने हनुवटी वर उचलून ओळख दाखवली.

गाडी इतकी हळू चालली होती की काकी तिच्या बरोबरीने चालू लागली. चालता चालता ती काचेपलीकडून काहीतरी विचारत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू मात्र फक्त एसीचा वारा येत होता. 'कट्ट्यासून काय हाडलंस?' असे विचारत असणार, असा गुरुदासने अंदाज बांधला. काही आणले नव्हते. म्हणून त्याने हसून, नाही नाही अशी ठसठशीत मान हलवली आणि पुढे गेला.

काकीने विचारले होते, "गौरजाच्या साखरपुड्याक माका बोलावतलंस मा?"

दुसऱ्या दिवशी याहून वाईट झाले. कट्ट्याच्या बसथांब्यावर भर उन्हात दाजी उभा होता. दाजी म्हणजे गुरुदासचा थोरला चुलतभाऊ, घराण्यात सगळ्यांत मोठा. त्याला विचारल्याशिवाय या घरात लग्नाची बोलणी तर सोडाच, विहिरीचा पंपसुद्धा कोणी बदलत नसे. बहिणीकडून मिळालेला भलामोठा फणस त्याच्या काखेत होता आणि हातात छत्री. भावाची गाडी समोरून येताना दिसली तसा त्याने थांब्यावरच्या मंडळींकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "चला, आमची सोय झाली." आणि छत्री उंच धरली.

गुरुदासने छत्री पाहिली. त्याने मंगेशने सांगितल्याप्रमाणे ब्रेकवर अलगद पाय ठेवला. चाकातून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज आला, आणि गाडी उताराच्या मर्जीने पुढे सरकत राहिली. दाजीला वाटले, थांबतेच आहे. त्याने दाराची कडी धरली. दार आतून बंद. थोडा वेळ गाडी आणि दाजी एकमेकांचा हात धरल्यासारखे चालले. आत गुरुदास हनुवटी वर करून, डोळे मोठे करून, जमेल तितक्या केविलवाण्या चेहऱ्याने क्षमा मागत होता. बाहेरून ते सगळे भलतेच रुबाबदार दिसत होते.

मग दाजीच्या काखेतला फणस निसटला. दाजीने कडी सोडली आणि तो जागीच उभा राहिला. फणस मात्र उतारावरून गाडीमागे बराच लांब गेला.

पुढे चढ लागला तशी गाडी आपोआप थांबली. गुरुदास दार उघडून मागे धावणार, तोच एसटी त्याच्या बाजूने निघून गेली. खिडकीत दाजी बसला होता. मांडीवर फुटका फणस होता आणि नजर सरळ समोर.

संध्याकाळी विमला शेजारून आली ती कमरेवर हात ठेवूनच.

"दाजी साखरपुड्याक येवचे नाय म्हणतत."

"अगो, माझा ऐकान तरी घे..."

"आणि लक्ष्मीकाकी घराघरात सांगत फिरता, माका तोंडार नाय म्हणान सांगल्यान, ता पण हासान! एसी लागलो आणि माणसां दिसाची बंद झाली तुमका? काच खाली करूक काय झाल्ला?"

"मंगेशान सांगल्यान, काचो खाली करू नकात."

"मंगेशान सांगल्यान! चेडवाचो साखरपुडो मंगेशाच्या मांडीर बसान करतलास?"

पहिल्यांदा गुरुदास लक्ष्मीकाकीकडे गेला. गाडीची भानगड नको म्हणून पायीच गेला. काकीने त्याला लांबून चालत येताना पाहिले आणि सुनेला म्हणाली, "बघ, आता गाडी लपवन ठेवल्यान. आमी बसाक मागू म्हणान." तिच्या पाया पडून, तिला गाडीतून नेण्याचे कबूल करून त्याने तिची समजूत काढली. मग तो दाजीकडे निघाला.

दाजी पडवीत झोपाळ्यावर बसला होता. त्याने झोपाळा थांबवला, भावाकडे पाहिले आणि म्हणाला, "या. बसा. आपण पाणी घेणार का?"

गुरुदास पायरीवरच थबकला. दाजीने त्याला मेल्या म्हटले असते, कानफटात मारली असती तरी चालले असते. पण दाजी तहसीलदाराशी बोलावे तशा शुद्ध मराठीत बोलत होता. जन्मात तो घरच्या माणसाशी असे बोलला नव्हता.

"दाजी, असा बोला नको रे. ब्रेक लागा नाय होतो."

"असं का? ब्रेक लागत नव्हता." दाजीने मान डोलावली. "मग घरी गेल्यावर आपली गाडी कशी थांबते? की आपण चालत्या गाडीतून उतरता?"

"घराकडे चढ आसा, दाजी."

"अच्छा. म्हणजे आम्ही चढावर उभं राहायला हवं होतं. आमचंच चुकलं."

झोपाळा पुन्हा हलू लागला. गुरुदास पायरीवर बसला. त्याने पॅडची गोष्ट सांगितली, उडदाचा पापड सांगितला, गॅस धरतो की गळतो तेही सांगितले. शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, "दाजी, तू नसलंस तर देवासमोर चेडवाचा गाऱ्हाणा कोणी घालूचा? माका तर चार माणसांत बोलाक येणा नाय, तुका म्हायत आसा."

हे मात्र खरे होते. दाजीने पायाने झोपाळा थांबवला. मग मालवणी परत आली.

"रविवारी गाडी घेवन ये. थांबली तर बघू."

शनिवारी नवे पॅड आले. मंगेशने ते बसवले, ब्रेक ऑइल बदलले आणि बजावले, "आता पाय नुसतो लावा, काका. टेकलो तरी पुरे." रविवारी सकाळी गुरुदासने दाजीच्या घरासमोर पाय नुसता लावला आणि गाडी जिथल्या तिथे खिळली. मागच्या सीटवर बसलेल्या विमलाचे डोके पुढच्या सीटवर आपटले आणि गजरा कपाळावर आला. तिच्या शेजारची लक्ष्मीकाकी "बाये माझ्या!" म्हणून गौरजाच्या मांडीवर आली.

दाजी जरीचे उपरणे घेऊन घरापुढच्या खळ्यात उभा होता. त्याने चाकाकडे पाहिले.

"परत कर."

"काय?"

"मागे घे आणि परत येवन थांब."

गुरुदासने गाडी मागे घेतली, पुन्हा आणली, पुन्हा थांबवली. शेजारपाजारची माणसे कुंपणाशी जमली होती. त्यांच्यादेखत गाडी थांबली, दार आतून उघडले गेले, आणि भरपाई झाल्याच्या समाधानाने दाजी पुढच्या सीटवर बसला.

बसल्या बसल्या त्याने काच खाली केली. "माका ह्या तुमचा थंड नको. देवान दिलेलो वारो बरो." देवाने दिलेला वारा त्या दिवशी भट्टीतून यावा तसा आला. गौरजाने रुमालाने गाल टिपले आणि कळवळून म्हणाली, "दाजीकाका, माझा काजळ!" दाजीने पोरीसाठी म्हणून काच वर केली. जरा वेळाने त्याने उपरणे सैल केले. आणखी जरा वेळाने वारा थेट तोंडावर येईल अशी एसीची जाळी स्वतःच्या हाताने वळवून घेतली. नेरूरपारचा पूल आला तेव्हा तो डोळे मिटून म्हणाला, "गुरुदासा, ह्या आदीच करूक व्हया होता रे."

पूल ओलांडल्यावर पुढे रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल आडवी लावलेली दिसली. तिच्याजवळ एक माणूस दोन्ही हात वर करून उड्या मारत होता. आठवडाभर माफी मागून गुरुदासचा पाय हळवा झाला होता. तो आपोआप ब्रेककडे वळला.

"थांबा नको," दाजी म्हणाला.

"दाजी, हात करता तो."

"करांदे. गाडयेत जागा खंय आसा? आणि काच खाली केलंस तर सगळा थंड भायर जायत."

"असल्यांची सवय वायट," लक्ष्मीकाकी पदर कानाभोवती गुंडाळत म्हणाली. "एकदा थांबलास काय रोज हात करतत."

गुरुदासने आरशातून विमलाकडे पाहिले. विमला तोंड उघडणार होती, पण थोरल्या दिरापुढे गप्प बसली. गुरुदास सांगितलेले ऐकणारा माणूस. गाडी पुढे गेली. जाता जाता दाजीने त्या माणसाकडे पाहून सौजन्य म्हणून हनुवटी वर उचलली.

देवळात सगळी तयारी झाली होती. नवऱ्या मुलाकडची, म्हणजे केयूरकडची मंडळी सभामंडपात बसली होती आणि केयूर पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होता. त्याचा मामा अजून यायचा होता. विजयदुर्गहून पहाटेच निघाला होता म्हणे. सुशांतमामा आल्याशिवाय केयूरची आई पाटावर बसायला तयार नव्हती.

मामा आला तो काजूच्या टेम्पोतून. रेशमी झब्ब्याला लाल धूळ लागली होती, घामाने केस कपाळाला चिकटले होते. चपला काढता काढताच तो सुरू झाला, "गाडी बंद पडली. अर्धो तास उन्हात उभो होतंय. एक पांढरी गाडी इली, आतमध्ये मस्त एसी! मी हात करतंय, उड्यो मारतंय, आणि पुढे बसलेलो म्हातारो माझ्याकडे बघून अशी मान करता!" त्याने मान करून दाखवली. हुबेहूब दाखवली. मग त्याची नजर दाजीवर गेली आणि हनुवटी तशीच वर राहिली.

 विमलाने डोळे मिटले. केयूरची आई भावाकडे आणि मग व्याह्यांकडे बघू लागली.

"ह्यांच्याकडे पोर देवची आसा काय आपली?" मामा बहिणीला म्हणाला. खरे तर पोर यायची होती, पण रागात त्याला ते कळले नाही.

गुरुदासने तोंड उघडले. पण नजर दाजीकडे वळली. तेव्हा दाजी उठला, उपरणे सारखे केले, नारळ हातात घेतला आणि कोणाकडेही न बघता देवासमोर जाऊन उभा राहिला. गाऱ्हाण्याला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणे मागायला, सुरुवात झाली म्हटल्यावर सगळ्यांना उठून हात जोडावे लागले. मामालाही.

"बा देवा लक्ष्मीनारायणा, म्हाराजा!" दाजीचा आवाज घुमला. "आज जी काय ही दोन घराणी तुझ्या पायाशी गोळा झाली हत, तेंची सेवा मान्य करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या केयूराक आणि ह्या गौरजाक सुखान नांदूक बळ दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

दाजी जरा थांबला. घसा खाकरला.

"आणि देवा, वाटेर जर कोणी हात केल्यान आणि कोण थांबाक नाय, काच बंद होती म्हणान म्हण, ब्रेक लागाक नाय म्हणान म्हण, नायतर पुढे बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याची बुद्धी थंड हवेन गोठली म्हणान म्हण, तर तेचो जो काय राग कोणाच्या पोटात रवलो आसात, तो हयच्या हय जिरवन टाक रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज गुरुदासचा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो चार माणसांत इतक्या मोठ्याने बोलला.

दाजीने नारळ वर उचलला, पण फोडला नाही. तो एक डोळा किलकिला करून मामाकडे बघत राहिला. मग केयूर बघू लागला, भटजी बघू लागले, अख्खा सभामंडप बघू लागला.

"होय म्हाराजा," सुशांतमामा शेवटी म्हणाला. "पण परत जाताना पुढे मी बसतलंय."

"ता देवाक सांगा नको," दाजी म्हणाला, "गुरुदासाक सांग. तो सगळ्यांचा ऐकता." आणि त्याने नारळ फोडला.