कांडीवर चालणारं घर

"पोरगी कधी झोपली रे?"

"चार कांड्या झाल्या की वो, भाऊसाहेब."

शेजारच्या परशरामचं हे उत्तर ऐकलं तेव्हा मी खासबागेत, विणकरांच्या गल्लीत, नवा होतो. मला वाटलं, हा माणूस एकतर माझी चेष्टा करतोय, नाहीतर त्याचं डोकं फिरलंय. निपाणीच्या कचेरीत मी सगळी नोकरी घड्याळाकडे बघत काढली होती. वेळ कांड्यांत सांगणारा माणूस मला कधी भेटला नव्हता.

कांडी म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. एक संपायला आठ-दहा मिनिटं लागतात. ती संपली की दुसरी घालायची. परशरामच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये दोन माग होते आणि वयाच्या चौदाव्या वर्षापासून तो कांड्या बदलत होता. घरात घड्याळ होतं. ते बंद पडलंय हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाला, "आसंल की. कोण बघतंय त्याच्याकडं?"

त्याची मुलगी गौरी सहा महिन्यांची झाली आणि बायको रेणुका खडेबाजारातल्या पतसंस्थेत पुन्हा कामावर जाऊ लागली. दिवसभर मूल सांभाळायचं परशरामनं. शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यानं खडूनं लिहून ठेवलं होतं: दूध दीड कांडी, आंघोळ एक, भात दोन, दुपटी धुणं दोन, रेणुकाची वेणी अर्धी. शेवटच्या ओळीवर मी बोट ठेवलं.

"वेणीसुद्धा तूच घालतोस?"

"तिचे दोन्ही हात पोरीत गुंतल्यालं असत्यात. मग कोण घालणार, तुमी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला खरोखर धक्का बसला. हा सहा फुटी गडी पाठीला जुन्या लुगड्यात पोर बांधून, भर गल्लीत दोरीवर लंगोट वाळत घालत होता. एकेक लंगोट झटकून, कडा जुळवून, मागावरचं कापड तपासावं तसा उजेडात धरून बघत होता. मी घरात येऊन सुमनला, माझ्या बायकोला, म्हणालो, "अगं, त्या माणसाला काही लाज?"

सुमन भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "हातात घड्याळ घालून तुमी आपल्या दोन पोरांस्नी कदी आंघोळ घातलासा काय?"

घातली नव्हती. माझी मुलं कधी रांगायला लागली तेसुद्धा मला सांगता येणार नाही. ते मला रात्री जेवताना कळवण्यात येत असे.

परशराम मुलीला डॉक्टरकडे घेऊन गेला तेव्हा मी रक्तदाब दाखवायला तिथंच बसलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ रडते? "संध्याकाळी पाच कांड्या. सलग." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मिनिटांत सांगा." परशराम गंभीरपणे म्हणाला, "मिनिटं मोजायला येळ कुठाय, डॉक्टर?"

त्या घरातली आणखी एक गोष्ट मला कळत नसे. रेणुका शेडच्या दारात उभी राहून नुसतं तोंड हलवायची. माग चालू असताना तिथं तोफ उडाली तरी ऐकू आली नसती, पण पलीकडून परशराम मान डोलवायचा. मला वाटायचं, बाईला पुटपुटायची सवय आहे आणि नवरा बिचारा समजूत घालतोय.

गौरी त्या आवाजातच झोपायची. पाळणा मधल्या खोलीत, मध्ये भिंत, दार लावलेलं, तरी जमीन थरथरायची. पण ती गाढ. मी मात्र जेवून पडलो की खट-खटाक, खट-खटाक माझ्या कवटीत चालू व्हायचं.

परशरामच्या पलीकडच्या घरात त्याचा थोरला भाऊ महादेव राहायचा. त्यानं माग विकून किराणा दुकान घातलं होतं. दुपारी त्याची बायको गौरीला दोन कांड्यांपुरती घेऊन जायची, तेवढ्यात परशराम जेवून घ्यायचा. एकदा महादेव दुकानाच्या पायरीवरून सगळ्या गल्लीदेखत ओरडला, "परश्या, पोरीचं कान जातील रं त्या आवाजानं! बाप हाईस का वैरी?" परशरामही उलटून बोलला. संध्याकाळी दोघं एकाच पायरीवर चहा पीत बसले होते. त्यांचं तसंच असायचं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलं.

त्या भांडणानंतर चार दिवसांनी मी मागाच्या आवाजाविरुद्ध महापालिकेकडे अर्ज केला. निनावी. कचेरीत अर्जांवर शेरे मारण्यात माझा जन्म गेला होता, कोणता अर्ज फायलीत पडून राहतो आणि कोणत्या अर्जाची दखल घ्यावी लागते, हे मला ठाऊक होतं. म्हाताऱ्याच्या दुपारच्या झोपेची दखल कोणी घेतली नसती. म्हणून मी महादेवचं वाक्य उचललं. "सदर आवाजामुळे घरातील तान्ह्या बालिकेचे कान जाण्याचा संभव असून जन्मदाता पिताच वैरी झाला आहे." लिहिताना मला त्या वाक्याचा अभिमानही वाटला.

दोन माणसं चौकशीला आली. त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचला. मी माझ्या दारातून पाहत होतो. वैरी हा शब्द आला आणि परशरामनं मान वळवून शेजारच्या दुकानाकडे पाहिलं. एकानं विचारलं, "मूल सांभाळायला घरात बाईमाणूस नाही?" परशरामनं गौरीला या हातावरून त्या हातावर घेतलं आणि म्हणाला, "मी हाय की." दुपारी एक ते चार माग बंद ठेवायचे, असं ठरवून ते गेले.

त्या दिवसापासून दोन्ही भावांमधलं बोलणं तुटलं. महादेव शपथा घेत होता, "मी न्हाय रं लिवलो." परशरामनं ऐकून घेतलं नाही. वहिनीनं गौरीला न्यायला हात पुढं केले, तर यानं दार लावून घेतलं.

आणि एक वाजता माग थांबले की गौरी दचकून उठायची. आवाजानं नव्हे, शांततेनं. चारपर्यंत ती जी किंचाळायची, त्यापुढं माग म्हणजे भजन होतं. परशरामचं जेवण राहायचं, कामं मागं पडायची, खडूचं वेळापत्रक पुसून गेलं. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून रेणुकाचा आवाज आला, "सोडतो मी नोकरी. हितनं फुडं न्हाय जमत." परशराम म्हणाला, "आठ दिस थांब. कायतरी करतो."

नंतर एका दुपारी रडणं थांबलं. मी कान दिला, तर पलीकडून बारीक खट-खटाक. माझं रक्त तापलं. हुकूम मोडतोय! मी चप्पल न घालताच निघालो आणि त्याचं दार ढकललं.

माग बंद होते. परशराम पाळण्याजवळ मांडी घालून बसला होता. हातात रिकामा धोटा, समोर पाट. मागाच्या नेमक्या ठेक्यात तो धोटा पाटावर आपटत होता. गौरी तोंड उघडं टाकून झोपली होती. त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"कधीपासून करतोयस?"

"एकपासनं. थांबलं की उठतीया." मग माझ्या अनवाणी पायांकडे बघून तो ओशाळला. "तुमची झोप मोडली काय वो? धोट्याला कापड गुंडाळलोय तरीबी..."

खरंच, धोट्याला लंगोटाचं कापड गुंडाळलेलं होतं. माझ्यासाठी.

मी घरी आलो आणि दुसरा अर्ज लिहिला: तक्रारदाराचे समाधान झाले आहे. तोही निनावीच. पुढं कोणी विचारायला आलं नाही, माग पुन्हा दुपारचे चालू झाले, रेणुकाची नोकरी टिकली. भाऊ मात्र तुटले ते तुटलेच. पाच वर्षं. गौरीच्या पहिल्या वाढदिवसाला शेजारचं दार बंद होतं. ती चालायला लागली, शाळेत जायला लागली, आणि मी रोज दोन्ही घरांच्या समोरून दूध आणायला जात राहिलो.

गेल्या महिन्यात महादेव आजारातून उठला. तो दवाखान्यात होता तेव्हा परशराम रोज संध्याकाळी पायरीवर एकटाच बसायचा आणि रिक्षा वाजली की मान वर करायचा. मला ते बघवेना.

महादेव घरी आल्यावर मी शेडमध्ये गेलो. दोन्ही माग चालू होते. खरं सांगायचं तर मी ती वेळ मुद्दाम निवडली होती. मी बोललो, एवढं मला माझ्यापुरतं म्हणता आलं असतं, आणि त्याला ऐकू गेलं नसतं. त्याच्या समोर उभा राहून साध्या आवाजात म्हणालो, "परशराम, तो अर्ज मी केला होता. महादेवनं नाही."

परशराम माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या मागावर एक धागा तुटला, मग दुसरा. ज्या माणसाला तुटलेला धागा दहा फुटांवरून दिसायचा, त्याला ते दिसले नाहीत. रेणुका इतकी वर्षं दारात उभी राहून पुटपुटत नव्हती, हे मला तेव्हा, त्या क्षणी कळलं. मागाजवळ जगणारी माणसं ओठांवरून ऐकतात.

त्याचे ओठ हलले. मला काही कळलं नाही. मी कानाला हात लावला. तो पुन्हा तेच बोलला. मला पुन्हा कळलं नाही.

दारात गौरी दप्तर घेऊन उभी होती. तिनं माझा सदरा ओढला, मी वाकलो, आणि ती माझ्या कानात ओरडली, "आजोबा, पप्पा म्हणूलालेत, मला नको. मोठ्या पप्पांना सांगा म्हणं!"

मी मान हलवली. तिनं बापाच्या तोंडाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"आणि लवकर सांगा म्हणूलालेत."

महादेवचं दार तिथून दहा पावलांवर आहे. मला पोचायला तीन कांड्या लागल्या.