भांडणाचा डोंगा आणि इतवारीचं जाळं

संसारातला ताण दोघांनी मिळून सोसावा, असं जाणती माणसं सांगतात. सोसता सोसता दोघांपैकी एकानं पळून जाऊ नये, याची सोय मात्र कोणी केली नव्हती. ती सानगडीकडच्या एका गावातल्या तंटामुक्ती समितीनं केली. भांडणाऱ्या जोडप्याला डोंग्यात बसवून तलावाच्या मधोमध सोडायचं आणि वल्हं काढून घ्यायचं. डोंग्यातून बाईला माहेरी जाता येत नाही, बुवाला पानठेल्यावर. (सासू सोबत असल्यास मोठा डोंगा.) यश शंभर टक्के आलं. एक जोडपं पोहत निघालं होतं. पण ते दोन वेगवेगळ्या काठांना लागल्यामुळे समितीनं त्याला जोडपं म्हणून मोजलं नाही.

योजनेनं खरं भलं केलं ते त्या तलावात मासे धरणाऱ्या इतवारीचं. मधोमध आवाज चढला की मासे घाबरून काठाकडे धावत, आणि काठाला इतवारीचं जाळं. दागिन्यांच्या विषयावर रोहू येई, सासरच्या माणसांवर मरळ. नुसत्या अबोल्यावर मात्र झिंगाही हलत नसे.

पण असल्या उपायांत एक खोट असते, माणसं खरोखरच सुधारतात. गाव गोडीगुलाबीनं नांदू लागलं आणि इतवारीची चूल थंडावली.

"काहून जी, तोंड पाडून बसले?" बायकोनं, सखाबाईनं विचारलं.

"लोकं सुधरून राहिले ना, सखे. जाळं रिकामंच येऊन राहिलं."

"मंग आपण भांडू."

इतवारी हसला. "आपलं भांडण झालं काय कधी, इतक्या वर्षांत?"

"तुमचं नाही झालं," सखाबाई पदर खोचत म्हणाली. "माह्यं रोज होते."

त्या दिवशी दोघं आपणच डोंगा वल्हवत मधोमध गेले आणि तलाव उसळला. मासे असे धावले की जाळ्याचे खुंट वाकले. इतवारीनं डोंग्यातच हात जोडले. "सखे, जाऊ दे मले! जाळं फाटून राहिलं!"

"बसा खाली!" सखाबाईनं वल्हं मांडीखाली दाबलं. "मी आताशी लग्नाच्या मांडवात आहो."

जाळं फाटलं, मासे गेले. सखाबाई मात्र दहा वर्षांनी लहान दिसू लागली आणि इतवारी तेवढाच म्हातारा. (सरासरी तीच राहिल्यामुळे समितीनं आक्षेप घेतला नाही.)

आता जाळं शिवून झालं आहे. इतवारी काठावर मोकळा हवा, म्हणून डोंग्यासाठी बाहेरगावची जोडपी पाहिजेत. विषय ज्याचे त्यानं आणावेत. अट एकच, 'आमचं छान पटतं' असं दोघांपैकी एकाला मनापासून वाटत असावं. तुम्हाला तसं वाटत असेल, तर नाव नोंदवायची तसदी घेऊ नका. ते तुमच्या घरून कधीच आलेलं आहे.