डाव्या सीटवरची सव्वीस किलो वाळू

एका जंगलात मंगळवार होता. विशेष काही घडत नव्हतं. काळवीट श्रीपती दारात बसून शिंगं घासत होता. त्याची बायको वेणू पाला निवडत होती. तेवढ्यात टिटवी बातमी घेऊन आली. सिंहमहाराजांनी जंगलात शर्यतीच्या गाड्यांसाठी ट्रॅक बांधायचं ठरवलं होतं.

मुलांनो, तुम्ही विचाराल, जंगलात ट्रॅक कशाला? हाच प्रश्न एका सशाने भर सभेत विचारला होता. तो ससा आता तिथे राहत नाही.

ट्रॅक झाला. अगदी गुळगुळीत झाला. जिथून निघायचं तिथेच परत यायचं, त्यामुळे तो सगळ्यांना ओळखीचा वाटला. ट्रॅककडे जाणारा रस्ता मात्र पूर्वीचाच राहिला. त्यावर खड्डे होते, आणि खड्डे नव्हते तिथे गतिरोधक होते. पहिला गतिरोधक हत्तीने पिल्लांसाठी मागून घेतला. मग सगळ्यांनीच मागितले. कासवाच्या दारातही एक आहे. आपल्यासाठीही कोणाला तरी वेग कमी करावा लागावा, एवढीच त्याची इच्छा होती.

श्रीपतीने स्पोर्ट्स कार घेतली. त्या रस्त्यावर तो गाडीपेक्षा वेगाने पळू शकत होता. पण पायांनी पळणाऱ्याला आता जंगलात कोणी पळणारा म्हणत नव्हतं.

गाडी घेऊन दोघं दौलत मिस्त्रीकडे गेली. दौलत जातीचा खवले मांजर. संकट आलं की अंगाचा गोळा करून पडून राहायचं, ही त्याच्या जातीची रीत. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की दौलतही तेच करी. पण काम चोख होतं.

त्याने सगळं समजावून सांगितलं. ट्रॅकवर गाडी कडक हवी, नाहीतर वळणावर होडीसारखी डोलते. रस्त्यावर मऊ हवी, नाहीतर दात हलतात. धक्के झेलणाऱ्या शॉकअपवर एक बटण होतं. फिरवलं की टिक वाजे आणि गाडी थोडी कडक होई. रस्त्याला पाच टिक, ट्रॅकला पंधरा.

"ते कोणीही करेल," दौलत म्हणाला. "खरं काम वजनाचं. गाडी एकट्यासाठी लावू की दोघांसाठी?"

त्याची पद्धत अशी होती. चारही चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे. बसणाऱ्याच्या वजनाइतकी वाळू पोत्यात भरून पोतं सीटवर ठेवायचं. मग एकेक स्प्रिंग वरखाली करत दोन्ही बाजू सारख्या करायच्या. एकट्यासाठी लावलेल्या गाडीत दोघं बसली की ती डावीकडे कलते. दोघांसाठी लावलेली गाडी एकट्याने चालवली की उजवीकडे कलते. दोन्ही एकदम जमत नाही.

ट्रॅकवर श्रीपती एकटाच जाणार होता. रस्त्यावर मात्र दोघं असत. वेणूची बहीण नदीपलीकडे राहायची आणि दर मंगळवारी तिच्याकडे जायचं असे.

"एकट्याची लावा," वेणू म्हणाली. "मी काय, कशीही बसेन."

 श्रीपतीला शर्यतीचा चषक हवा होता. चषक देताना सिंहमहाराज विजेत्याचं नाव घेत. एकदा तरी सिंहाच्या तोंडी आपलं नाव यावं, आणि फक्त नावच यावं, असं त्याला लहानपणापासून वाटत होतं.

"मिस्त्री," तो शेवटी म्हणाला, "दोघांची लावा."

मग वजनं झाली. श्रीपती काट्यावर तीनदा उभा राहिला, कारण शिंगं धरून आकडा चांगला येत होता. वेणू काही उभी राहीना. मागे रानडुकरीण आपल्या गाडीसाठी थांबली होती आणि तिचं लक्ष काट्याकडेच होतं.

"माझं सव्वीस लिहा," वेणू म्हणाली.

दौलतने तिच्याकडे पाहिलं. तिने दौलतकडे पाहिलं. दौलतने सव्वीस किलो वाळू भरली.

त्यानंतर तीन वर्षं श्रीपती शर्यतीत चौथा आला. शर्यतीचं वर्णन एक वानर करत असे. तो म्हणे, काळवीटराव सपत्नीक धावतात, वहिनी घरी असल्या तरी. सगळे हसत. वेणूही हसे. दौलत दरवर्षी विचारी, यंदा एकट्याची लावायची का? श्रीपती म्हणे, पुढच्या वर्षी बघू.

एक गोष्ट मात्र त्याला कळत नव्हती. मंगळवारी दोघं बसली तरी गाडी थोडी डावीकडे कले. त्याने टायर तपासले, रस्ता तपासला. बहिणीकडच्या जेवणाचाही संशय घेऊन पाहिला. वेणू खिडकीबाहेर बघत म्हणे, "अहो, रस्ताच तसा आहे."

मग असाच एक मंगळवार आला. श्रीपती सकाळी वेणूला बहिणीकडे सोडून आला आणि संध्याकाळी आणायला जायचं म्हणून गाडी पुसत होता. टिटवी आली. टिटवी तीच होती आणि स्वरही तोच होता, कारण टिटवीला दुसरा स्वर नसतो. बहिणीच्या ओसरीवर पाणी पिता पिता वेणू गेली होती.

श्रीपती गाडी घेऊन गेला. परत आला तेव्हा गाडी उजवीकडे कलली होती.

सिंहमहाराजांनी भर सभेत शोक व्यक्त केला. श्रीपतीचं नाव त्यांनी स्पष्ट उच्चारलं. फक्त नावच.

महिन्याभराने दौलत स्वतःहून घरी आला. तो म्हणाला, आता एकट्याची लावून टाकू, अर्ध्या दिवसाचं काम आहे, चषक तुमचाच.

"उजवीकडे कलते खरी," श्रीपती म्हणाला. "पण तुम्ही सांगितलं होतं तेवढी नाही."

दौलतने अंगाचा गोळा केला. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"वहिनींचं वजन तीस होतं. मला बघूनच कळतं. चार किलो कमी सांगितलं त्यांनी. म्हणून त्या बसल्या की डावीकडे कलायची. आता त्या नाहीत, तर तेवढीच कमी कलते."

"तेव्हा बोलला नाहीत."

"त्यांनी बघितलं होतं माझ्याकडे."

श्रीपतीने मान हलवली. गुरुवारी गाडी आणतो, म्हणाला. दौलत गेला.

तात्पर्य : मुलांनो, मिस्त्रीला आपलं वजन कधीही खरं सांगू नये. थोडं कमीच सांगावं. आपण असताना घरच्यांना त्याचा त्रास होतो, पण आपल्यामागे गाडी चालवणाऱ्याला तेवढाच आधार राहतो. बाकीचा कल अर्ध्या दिवसाच्या कामाने निघतो. ते काम श्रीपतीने अजून करून घेतलेलं नाही.