आतड्याच्या हयातीचा दाखला

त्रुहिल्यो शहराच्या सरकारी इस्पितळात डॉ. नेलिदा वामानचुमो अकरा वर्षं एकच गोष्ट मोजत होत्या. आतड्याच्या भिंतीतून मीठ आत कसं जातं, आणि साखर त्याला कशी ओढून नेते. जुलाबाने सुकलेली पोरं त्या मिठासाखरेच्या पाण्यावरच वाचतात. शस्त्रक्रियेत कापून टाकलेला आतड्याचा तुकडा बाई काचपेटीत ताणून बसवत. प्राणवायूचे बुडबुडे सोडले की तो तीन तास जिवंत राही आणि मीटरचा काटा हलता राही.

यंदा प्रयोगाच्या परवान्याच्या अर्जात नवा रकाना आला: नमुना जिवंत की मृत? बाईंनी खरं ते लिहिलं आणि तिथेच फसल्या.

"जिवंत म्हणता, तर हयातीचा दाखला लागेल," परवाना कचेरीच्या सहा नंबरच्या खिडकीतले आस्कोय साहेब म्हणाले. "नमुन्याने स्वतः हजर राहायचं."

"अहो साहेब, ते आतडं आहे!"

"मग 'मृत' लिहा. दफनाचा परवाना आणा आणि प्रयोग बंद करा."

शुक्रवारी जुना परवाना संपत होता. नेमका त्याच सकाळी तान्ह्या बाळाच्या आतड्याचा तुकडा मिळाला. असा तुकडा वर्षातून एखादाच मिळे, आणि मिठासाखरेचं नवं पाणी तान्ह्यांना चालतं का, हे त्यावरच कळणार होतं. बाईंनी पेटी, मीटर आणि प्राणवायूची नळकांडी ढकलगाडीवर घातली आणि टोकन घेऊन त्याच खिडकीपुढे, हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या पेन्शनवाल्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या.

"पेटीत काय गं, पोरी?" पुढच्या फेलिसिंदा आजींनी विचारलं.

"आतडं, आजी. तीन तासच जगतं."

"मग हो माझ्या पुढे. मी सोमवारपर्यंत टिकेन."

नंबर आला आणि साहेब जेवायला गेले. लिंबात मुरवलेल्या माशांचं सेविचे खाऊन, मिशा पुसत परतले, तेव्हा काटा शून्यावर होता. बाईंना रडू कोसळलं.

"साहेब, मेलं ते."

"टोकन घेतलं तेव्हा?"

"जिवंत होतं."

"आम्ही टोकनाची वेळ धरतो. बोटाचा ठसा?"

बोट नव्हतं. साहेबांनी समजूतदारपणे आतड्याचा कोपरा शाईच्या गादीवर टेकवून कागदावर दाबला. शिक्का बसला: हयात, मुदत एक वर्ष.

"आणि पुढच्या तुकड्याचं?"

"एक हयात असताना दुसरा कशाला? याच्या मृत्यूचा दाखला आणा, मग बघू. पण तो वर्षभर मिळायचा नाही. हयात आहे ना!"

मग आजी पुढे झाल्या. त्यांच्या ओळखपत्राची मुदत मंगळवारीच संपली होती.

"आजी, नोंदीप्रमाणे तुम्ही हयात नाही. नवं ओळखपत्र काढून या."

"अरे मेल्या, तुझ्यासमोर उभी आहे मी!"

"उभं राहून काय होतंय? त्या आतड्याचे कागद बघा, कसे चोख आहेत."

रांगेत खसखस पिकली. मग एकेकाने हळूच आपापलं ओळखपत्र काढून तारीख वाचली. हसून झालं असेल, तर तुम्हीही तुमचं एकदा बघून घ्या.