रडू शिजलं

दिवेलागणीला खेळ होता, आणि चार वाजता सहदेवच्या ध्यानात आलं की रडू नाहीसं झालं आहे.

हासू टोपलीत होतं, राग होता, भेव होतं. त्यांच्याशेजारची जागा तेवढी रिकामी. त्यानं टोपली उपडी केली, गोणपाट झटकलं, बाजेखाली वाकून पाहिलं. तेवढ्यात चुलीवर काहीतरी रटरटल्याचा आवाज आला आणि तो तसाच चुलीकडे धावला.

"अवं, इथी एक लवकी होती. वाकड्या मानेची."

"होती ना," सत्यवती म्हणाली. "शिजून राहिली. हरभऱ्याची दाळ टाकली तिच्यात."

"अवं, ते रडू होतं!"

"मले काय माईत? वाकडी दिसली, म्या चिरली."

यात बायकोची चूक काढायला जागा नव्हती. माळ्याच्या घरात सरळ, तुकतुकीत माल बाजारात जातो आणि वाकडा चुलीवर. सत्यवतीच्या आईनं हेच केलं, आजीनं हेच केलं. वाकडी लवकी, म्हणजे दुधी, कुणी जपून ठेवतं, आणि तेही तिनं खेळात काम करावं म्हणून, असं त्यांच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं.

सहदेवचं मात्र त्या लवकीवाचून अडलं होतं. अमरावतीला एका वकिलाची बाग बटाईनं, निम्म्या वाट्यावर, मिळाली म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यानं पातूर सोडलं. बैलबंडीत बसताना आठ वर्षांच्या वच्छलाचा ओठ थरथरू लागला, तेव्हा तो घाईघाईनं म्हणाला होता, "शायन्या पोरी रडत नाईत, माय." पोर शहाणी निघाली. रडली नाही. पण तेव्हापासून ती हसलीही नाही आणि रुसलीही नाही. विचारलं तर "हो", नाहीतर "नाई". पाण्याचा दांड अडवला की एकच वाफा कोरडा राहत नाही, पुढचे सगळेच राहतात. जन्मभर पाणी फिरवणाऱ्या सहदेवला हे आधी सुचायला हवं होतं.

मागच्या आठवड्यात तो तिला तंबूतल्या टॉकीजला घेऊन गेला. मोठ्या खेळाआधी तिथं एक छोटा खेळ दाखवला. त्यात माणसं नव्हतीच. काढलेली चित्रंच चालत-बोलत होती. घरटं मोडल्यावर दुसऱ्या झाडावर राहायला गेलेलं चिमणीचं पिल्लू, त्याचे आई-बाप, एवढंच. पिल्लू घटकेत रागानं फुगायचं, घटकेत पानामागं दडायचं. सहदेव थक्क झाला. कुणीतरी बसून त्या पिल्लाची मान शेकडो वेळा काढली असेल, तेव्हा कुठं ती एकदा वळली. आणि वळली तेव्हा सगळा तंबू गप्प झाला. त्याहून नवल म्हणजे वच्छला पुढं सरकून बसली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं, तर तंबू अकोल्याकडे निघून गेलेला.

"मंग आपूनच करू," सहदेव म्हणाला.

त्याला चित्रं काढता येत नव्हती, भाजी पिकवता येत होती. मागं कंदील, पुढं धोतर आणि मध्ये काड्यांना टोचलेली भाजी, म्हणजे धोतरावर सावल्या हलतील. पोरीचं काम वांग्याकडे. तिच्या पोटात चौघं राहतात. गडगडणारा भोपळा म्हणजे हासू, मिरच्यांचा झुबका म्हणजे राग, लटलट कापणारी शेवग्याची शेंग म्हणजे भेव आणि मान टाकलेली लवकी म्हणजे रडू. आठवडाभर तो काड्या तासत होता आणि वच्छला शेजारी बसून मुकाट बघत होती. जो शब्द त्याला स्वतःच्या तोंडानं परत घेता येत नव्हता, तो लवकी घेणार होती. ती वांग्याला सांगणार होती, रडलं तरी चालते.

बागेतल्या सगळ्या लवक्या नेमक्या सरळ लोंबत होत्या. दिवे लागले तेव्हा अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती. सहदेवनं घाईनं कारलं लावून पाहिलं.

"मासोळी काऊन आणली हो, सहदेवभाऊ?" पुढची जागा धरून बसलेल्या शेजारच्या पार्बताबाईंनी विचारलं.

त्यानं काकडी लावली.

"आता शिपायाचा दंडा आला."

शेवटी रडूशिवायच खेळ सुरू झाला. वांग्याची पोर गाजराच्या चाकांच्या बंडीत बसली. राग नाचला, भेव कापलं, लोक खूश झाले. बंडी वेशीपाशी आली. इथं रडूनं यायचं होतं. सहदेवला काही सुचेना, त्यानं हासूच पुन्हा गडगडवलं. मग आणखी एकदा.

"गाव सुटून राह्यलं अन् पोरगी हासून राह्यली?" पार्बताबाई म्हणाल्या. "येडी हाय का?"

आणि अंधारातून एक बारीक आवाज आला. "बाबा, रडू कुठी हाय?"

दोन महिन्यांत वच्छलानं विचारलेला हा पहिला प्रश्न होता. सहदेवला खोटं बोलवेना.

"शिजलं, माय."

"सगळं?"

"सगळंच."

वच्छलानं असा काही गळा काढला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "मले माही मैतरीन लीली पायजे! मले आपल्या मळ्यातली हीर पायजे! तुमीच म्हनलं रडू नको!"

सहदेव भोपळा हातात घेऊनच धोतराआडून बाहेर आला आणि तिच्यापुढं उकिडवा बसला.

"म्या चुकीचं म्हनलं. रड तू."

ती रडली. पातूरच्या वेशीपासूनचं सगळं रडली. सत्यवती चुलीपासून उठून आली, पण मध्ये पडली नाही.

पोरगी हुंदक्यांवर आली, तेव्हा अंगणातून टाळ्या पडल्या. पार्बताबाई पदरानं नाक पुसत होत्या. "काय काम केलं वं पोरीनं! भाऊ, किती दिस शिकवलं तिले?"

"दोन महिने," सहदेव म्हणाला.

"उद्या आमच्या सुनेले बी आणतो. वच्छे, उद्या असंच रडजो!"

वच्छलानं डोळे पुसले आणि बापाच्या हातातला भोपळा काढून घेतला.

"उद्या मी नाई रडत. मी पडद्यामागं बसतो. उद्या बाबा रडतीन."

सहदेवनं मान डोलावली. पण उद्यापर्यंत त्याला रडू धरवलं नाही.

"घ्या!" पार्बताबाई लगबगीनं उठल्या आणि कुंपणापाशी जाऊन घराकडे ओरडल्या, "अवं सूनबाई, लवकर ये वं! दुसरा खेळ आताच लागला!"