पत्ता विचारणाऱ्या जोतीरामची वरात

दारू सुरू करायला पत्ता लागत नाही. सोडायला मात्र लागतो, ही मानवजातीची जुनी प्रशासकीय अडचण आहे.

प्रस्तुत प्रकरणातील इसम जोतीराम, वय त्रेचाळीस, राहणार कोल्हापूर, दूध डेअरीत गाड्या सोडण्याच्या कामावर. बारा दिवस कोरडा. (यापूर्वीचा उच्चांक नऊ दिवसांचा, तोही पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे.) पत्नी महादेवी लेकीला घेऊन चंदगडला माहेरी गेलेली. तिची अट एकच होती : "शनिवारी त्या दारू सोडलेल्यांच्या मिटिंगला जावा. तितनं फोन करा. मग ऐतवारची पयली एसटी धरीन. न्हायतर माज्या वाटंकडं डोळं लावून बसू नगा."

मिटिंग सात वाजता, एवढे कळले होते. कुठे, हे कळत नव्हते. कारण ही मंडळी नावगाव गुप्त ठेवतात आणि बोर्ड लावत नाहीत. ज्या शहरात म्हैस व्याली तरी फ्लेक्स लागतो, तिथे असली संस्था सापडायची कशी? फोनवर शोधले, तर आधी चार वाइन शॉप निघाली आणि मग एक झेरॉक्सचे दुकान, तेही बंद.

शेवटी जोतीरामने माणसांना विचारायचे ठरवले. इथेच चुकले. या शहरात पत्ता विचारणाऱ्याला 'माहीत नाही' म्हणणे हा पाहुण्याचा अपमान समजतात. ज्याला माहीत असते तो पत्ता सांगतो. ज्याला माहीत नसते तो सोबत येतो.

पानपट्टीसमोर तालमीचे अध्यक्ष उदयसिंह उभे होते. जोतीरामने घसा खाकरून "मेव्हण्यासाठी इचारतोय" असे प्रास्ताविक केले. (जिल्ह्यात दारूचा त्रास असलेले शंभर टक्के लोक कुणाचे तरी मेव्हणे आहेत.)

"मेव्हणं ऱ्हाऊ द्या, तुमी सोडलीसा व्हय?" उदयसिंहांनी हे जोतीरामला विचारले, पण ऐकले चौकाने. "आरं, जोतीरामनं दारू सोडली! चला रं, पोचवूया त्येला!"

पंधरा मिनिटांत पाच मोटारसायकली आणि अकरा माणसे जमली. जोतीरामच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. गुप्तता पाळायची म्हणून हलगी तेवढी सांगितली नाही.

शोधपथकाने एक योगवर्ग, एका सोसायटीची सर्वसाधारण सभा (चहा मिळाला) आणि एक साखरपुडा गाठला. साखरपुड्यात उदयसिंहांनी चार शब्द बोलून वधूवरांना आशीर्वाद दिले. सातला वीस मिनिटे उरली होती आणि जोतीरामचा जीव टांगणीला लागला होता.

तेव्हा उदयसिंहांनी बुद्धी चालवली. "सोडल्याली मानसं शेवटची कुटं दिसली व्हती? बारात. मग तपास तितनंच लावाय पायजे की!"

युक्तिवाद बिनतोड होता. वरात कळंबा रोडच्या एका बारमध्ये शिरली. आत गेल्यावर नुसती चौकशी करून परतणे बरे दिसत नाही, म्हणून बसली. बसल्यावर मोकळ्या टेबलाचा संकोच वाटतो, म्हणून मागवले गेले.

"बारावा दिवस हाय न्हवं? मग दारूचं बारावं घालाय पायजे!" असे म्हणून उदयसिंहांनी मानाचा पहिला ग्लास जोतीरामपुढे ठेवला.

जोतीराम घाबरला. मनापासून घाबरला. हा ग्लास उचलला तर महादेवी गेली, हे त्याला नीट कळत होते. हाताला कळत नव्हते. हात टेबलावर आला.

तेवढ्यात वेटरने ग्लास उचलून ट्रेमध्ये ठेवला. चन्नवीर त्याचे नाव. सीमेकडचा, कपाळाला भस्म. "पावणं, तुमचं टेबल चुकलंय," तो हळूच म्हणाला. "माज्यासंगं या."

भटारखान्यातून, सिलिंडरच्या मागून, बोळ ओलांडून त्याने जोतीरामला एका शाळेच्या खोलीत नेले. "हितं बारात मी वाडतो आनि तितं खुर्च्या मांडतो. सात वर्सं झाली सोडून. शनवारी दोन तास सुट्टी घेतो. मालकाला वाटतंय, देवळात जातोय."

आत आठ माणसे होती. कुणी नाव विचारले नाही, हाराबद्दलही नाही. जोतीरामने महादेवीला फोन लावला.

"पोचलो."

"कुणी नेलं?"

"बारच्या वेटरनं."

"बारच्या? द्या फोन त्येच्याकडं." चन्नवीरने फोन घेतला. "आक्का, खरंच बसल्यात बघा मिटिंगला. गळ्यात हार घालून बसल्यात."

"काडून ठेवा म्हनावं त्यो," महादेवी म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "आमी मायलेकी सकाळी निघतो."

इकडे शोधपथकाने जोतीरामच्या दारूमुक्तीप्रीत्यर्थ बार बंद होईपर्यंत पिऊन घेतली. सत्कारमूर्ती गेल्याचे दुसऱ्या फेरीपर्यंत कुणाच्या ध्यानात आले नाही. दोन दिवसांत चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला : जोतीरामचा फोटो लहान, शुभेच्छुकांचे अकरा मोठे.

मिटिंगचा पत्ता इथे मुद्दाम दिलेला नाही. तसा नियम आहे. ज्या वाचकांच्या ते लक्षातही आले नाही, त्यांना नमस्कार. ज्यांनी मागे जाऊन निदान त्या बोळाचे नाव तरी सापडते का ते पाहिले, त्यांनी शनिवारी सातला यावे, खुर्ची ठेवली आहे. आणि ज्यांना वाचताना सारखी शेजाऱ्याचीच आठवण येत होती, त्यांनी जरा लवकर यावे. तुमच्यासारख्यांची गर्दी फार असते.