मिशीची पूर्वतयारी

हॉस्पिटलातल्या बाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की उद्या सकाळी उपाशीपोटी या, ऑपरेशनची जागा स्वच्छ असू द्या, संध्याकाळी घरी जाल. वरच्या ओठातली वाटाण्याएवढी गाठ काढायची, त्यात काय मोठंसं! पण सांगितलं तेवढंच करतील तर ते आमचे हेडक्लार्क कसले? (वरिष्ठांनी एक प्रत मागितली की हे तीन देतात.) शिवाय कोणाला काही विचारणं म्हणजे त्यांना कमीपणा. गाठ ओठात आणि ओठावर मिशी, तेव्हा आधी मिशीचाच निकाल लावायला हवा, असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि सकाळी उठल्या उठल्या वस्तरा चालवला.

आता ही मिशी काही साधीसुधी नव्हती. झुपकेदार, टोकं वर वळलेली, लग्नाच्याही आधीची. ऑफिसात सगळा दरारा तिचाच. हेडक्लार्कसाहेबांनी तिच्यावरून नुसती बोटं फिरवली, की गप्पा मारणारे निमूट कामाला लागायचे. रागवायची वेळच कधी आली नाही. (खरं सांगायचं तर त्यांना रागावता येतही नव्हतं.)

तोंड पुसून त्यांनी आरशात पाहिलं आणि पायाखालची जमीनच सरकली. आरशात भलतंच कोणीतरी उभं होतं. नाकाखाली ही एवढी मोकळी जागा, तिच्याखाली एक पांढराफटक, बावळट ओठ. असला ओठ आपल्याला आहे, याची त्यांना कल्पनाच नव्हती. भेदरून, डोक्यावर टॉवेल तसाच ठेवून ते बाहेर आले, तर समोर बायको.

"अगबाई, सासूबाई, तुम्ही कधी आलात?"

सासूबाई राहतात थोरल्या दिरांकडे. ओळख पटल्यावर बायको मटकन खुर्चीत बसली. आपण इतकी वर्षं कोणाशी संसार केला, हेच तिला कळेना. टॅक्सीत ती सारखी चोरून बघायची आणि दचकून खिडकीकडे सरकायची.

हॉस्पिटलात तर कहरच झाला. काउंटरवरच्या बाईंनी ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, यांच्याकडे पाहिलं आणि बायकोला विचारलं, की पेशंट कुठे आहे. हेच ते, असं तिला चारचौघांत शपथेवर सांगावं लागलं, आणि तेही तिनं जरा अडखळतच सांगितलं.

डॉक्टर मात्र चक्रावून बघतच राहिले. "अहो, गाठ मी ओठाच्या आतून काढणार. मिशीला हातसुद्धा लावणार नव्हतो."

हेडक्लार्कांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सुईला घाबरले, असं समजून नर्सनं त्यांची पाठ थोपटली.

गाठ चुटकीसरशी निघाली. संध्याकाळी सुजलेला ओठ घेऊन ते घरी पडले होते आणि बोलायची सक्त मनाई होती. मिशी वाढेपर्यंत रजा टाकायची, कोणाच्या नजरेस पडायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. तेवढ्यात ऑफिसातली मंडळी विचारपूस करायला दारात हजर. चादर तोंडावर ओढायलाही सवड मिळाली नाही.

सगळे जागीच थिजले. शेवटी त्यांच्यातला सगळ्यात जुना, साहेबांसमोर आजवर मान वर न केलेला कारकून पुढे झाला आणि त्यानं मोठ्या मायेनं त्यांचा हात हातात घेतला.

"बरं झालं साहेब, काढून टाकलीत. आम्ही सगळे कधीपासून हेच म्हणत होतो, पण तुम्हाला सांगणार कोण? शेवटी डॉक्टरच लागला."